मदत हवी आहे: वॉटर व्होल आणि हेदर यांची तुलना कशाच्या आधारे करावी?

निळावंती: मुलीला शाळेत एक संकटग्रस्त जलचर सस्तन प्राणी आणि माळरानावरचे एक फुलझुडूप यांची तुलना करायची आहे. तिने वॉटर व्होल (पाण्याकाठी बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी) आणि हेदर निवडले आहेत. एक पोहतो, दुसरे फुलते, यापुढे आमची गाडी सरकत नाही आणि परवा निबंध द्यायचा आहे. कृपया नेमके मुद्दे सुचवावेत.

गोदाकाठ: देश कोणता, इयत्ता कोणती, हे कळल्याशिवाय काय सांगणार? त्यापेक्षा गंगेतील डॉल्फिन घ्यावा, तो आपला राष्ट्रीय जलचर आहे.

निळावंती: आम्ही स्कॉटलंडमध्ये राहतो, मुलगी बारा वर्षांची आहे. नावे देऊन झाली आहेत, आता प्राणी बदलता येणार नाही.

डोंगरवाट: मग धोक्याचे स्वरूप हाच आधार धरावा. फरसाठी पाळलेले अमेरिकन मिंक, म्हणजे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी, निसटून ब्रिटनभर पसरले आणि व्होलच्या मुळावर उठले. मिंकची मादी इतकी सडपातळ असते की ती थेट बिळात शिरते, त्यामुळे पाण्यात बुडी मारून बीळ गाठण्याची व्होलची युक्ती तिच्यापुढे चालत नाही. हेदर मात्र विपुल आहे, आक्रसते आहे ते त्याचे माळरान. त्याला निकस, आम्लधर्मी जमीन मानवते. हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनने ती सुपीक झाली की गवत त्याच्यावर मात करते.

रानमेवा: ही अर्धीच बाजू झाली. न्यूझीलंडच्या टोंगारिरो परिसरात शिकारीच्या ग्राऊस पक्ष्यांसाठी लावलेले हेदर आज तण ठरले असून, त्याच्या बंदोबस्तासाठी 1996 मध्ये हेदर खाणारा भुंगेरा सोडावा लागला. म्हणजे मिंक इथे जसा उपरा, तसे हेदर तिथे.

डोंगरवाट: बारा वर्षांच्या मुलीच्या निबंधाला एवढे फाटे कशाला? स्कॉटलंडच्या डोंगरांत हेदरमधून वाहणाऱ्या ओढ्यांकाठीच व्होल राहतात, त्यांतले बरेचसे काळे असतात. काठावर तिरके कुरतडलेल्या, सुमारे 10 सेंटीमीटर लांबीच्या देठांचे ढीग दिसले, तर मुलीने त्यांचे चित्र अवश्य काढावे.

हौशी माळी: पुण्यात हेदर कुंडीत लावायचे असल्यास बोअरवेलचे जड पाणी घालू नये.

निळावंती: कुंडी नको आहे! कोणता जीव किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत व्होल धोक्याबाहेरच्या गटात दिसतो, मग त्याला 'संकटग्रस्त' म्हणावे का?

रानमेवा: म्हणावे, पण यादीचे नाव देऊन. ग्रेट ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांची लाल यादी वेगळी आहे आणि 2020 च्या त्या यादीत तो संकटग्रस्त आहे.