प्रतिसाद: मोठी डिस्क, जुना कॅलिपर

गाडीच्या ब्रेकची नुसती मोठी डिस्क घेऊन जुना कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चालेल का, या प्रश्नाचं उत्तर: ब्रॅकेट (कॅलिपर जागेवर धरणारा भाग) बदलल्याशिवाय नाही. 256 मिमी व्यासावरून 288 वर गेलात तर त्रिज्या 16 मिमीने वाढते, म्हणजे कॅलिपरही तेवढाच बाहेर सरकायला हवा. डिस्कची जाडी वाढत असेल तर कॅलिपरही त्या जाडीचाच लागतो. 14 इंची रिममध्ये हे सगळं बहुतेक वेळा मावत नाही. खरेदीआधी कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा कापून पाहा. कॅलिपर आणि रिममध्ये किमान 3 मिमी फट हवी.

बसवताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हबकडे, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाकडे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने अगदी धातू दिसेपर्यंत काढा. तिथे राहिलेल्या कणामुळे डिस्क तिरकी बसते, डिस्कच्या कडेला ती डगमग आणखी वाढते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक पेडल थरथरू लागतं. मग दोष डिस्कला! डायल गेज (बारीक डगमग मोजणारं उपकरण) असेल तर डिस्कची डगमग 0.05 मिमीच्या आत आहे ना, ते बघा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नंतर पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 किमीवरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पण पूर्ण थांबू नका.

बाकी टायर तेच असतील तर एका कडक ब्रेकचं अंतर फारसं घटणार नाही. फायदा घाटात, उष्णता सोसण्याचा.