दिघ्याच्या डोंगरावर एकाच घरात दोघांना टीबी, हा नुसता निष्काळजीपणा म्हणायचा का?

ऐरोलीकर: आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी नवी मुंबईत दिघ्याला राहतात, पार वर डोंगराच्या अंगाला. मागच्या वर्षी नवऱ्याला टीबी झाला, आता एकोणीस वर्षांच्या मुलीला. परवा पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, खिडकी एकच आणि तीपण शेजारच्या भिंतीवर उघडते, आत सहा जणं झोपतात आणि नवरा खोकायचा तेव्हा त्याच्या उशाशी ही मुलगी. पोरीचं वजन अडतीस किलो. सोसायटीतल्या ग्रुपवर हे सांगितलं तर "हे लोक काळजीच घेत नाहीत" असं उत्तर आलं. मला ते अजून टोचतंय. अशा खोलीत काळजी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

कोपरखैरणे_जुना: राग येईल पण बोलतो. गोळ्या फुकट, टीबी पेशंटच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे आधी महिन्याला 500 मिळायचे ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 केले, वर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार. अजून सरकारने काय करायचं? खोकला दोन-दोन महिने अंगावर काढायचा, तोंडात तंबाखू, जरा बरं वाटलं की कोर्स सोडून द्यायचा. आम्हीपण चाळीत वाढलो, पाच भावंडं एका खोलीत, कोणाला टीबी झाला नाही.

ऐरोलीकर: दादा, अंगावर का काढतात ते बघा ना. मुलगी एमआयडीसीत पॅकिंगला ठेकेदाराकडे, ओपीडी सकाळची, म्हणजे गेली की खाडा, आणि दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी गेटवर दुसरी उभी. फुले योजना अ‍ॅडमिट झाल्यावर लागते, रोजच्या ओपीडीला नाही. तुमच्या चाळीत वडिलांचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता का? तेवढं एकच सांगा.

कोपरखैरणे_जुना: येत होता, मिलमध्ये होते. तो फरक मान्य. पण कोर्स अर्धवट सोडला की औषधाला दाद न देणारा टीबी होतो आणि तो सगळ्यांना भोगावा लागतो, त्याची जबाबदारी पेशंटवर टाकायचीच नाही का?

केंद्रातली_ताई: मी चार वर्षं नागरी आरोग्य केंद्रात काम करते म्हणून लिहिते. कोर्स सोडणारे आळशी नसतात हो, बहुतेकांना गोळ्या रिकाम्या पोटी सोसत नाहीत, मळमळतं, उलट्या होतात आणि तसंच कामावर उभं राहायचं. पोषणाचे पैसे खात्यात यायला कधीकधी दोन-तीन महिने जातात. झारखंडमध्ये अभ्यास झाला होता, 2023 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य दिलं तर घरात नवीन टीबी साधारण 40 टक्क्यांनी कमी झाला. टीबीचं औषध नाही, धान्य आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या! म्हणजे मावशींच्या मुलीचा आजार कदाचित टळला असता, हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

ठाणे_पश्चिम: ताईंचा मान राखून, गरिबी हटेपर्यंत थांबायचं का? ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या पालिका हॉस्पिटलात 24 तासांत 18 पेशंट दगावले. 500 खाटांचं हॉस्पिटल आणि शहापूर-मुरबाडपासूनचे लोक तिथेच येणार. आधी खाटा, डॉक्टर, संध्याकाळची ओपीडी द्या. ते पालिकेच्या हातात आहे, पगार आणि घरं नाहीत.

ऐरोलीकर: संध्याकाळच्या ओपीडीला माझं पूर्ण समर्थन, तेवढ्याने तिचा खाडा तरी वाचेल. पण झोपायला ती परत त्याच खोलीत जाणार आणि अशी बिनहवेची घरं उठतात तेव्हा परवानगीपासून पाण्याच्या कनेक्शनपर्यंत पालिका कुठेतरी असतेच. ताई, मावशींच्या घरातल्या बाकी चौघांची तपासणी झालेलीच नाही. कसं आणू?

केंद्रातली_ताई: आदल्या दिवशी केंद्रातून बेडक्याच्या डब्या घेऊन जा, सकाळचा पहिला बेडका लागतो. धाकटं कोणी पाच वर्षांखालचं असेल तर त्याला आधी आणा, उद्याच.