मेक्सिकोत सहकुटुंब मासेमारीची सुट्टी: कोणता किनारा, कोणता महिना?

दिवाडीकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे घर गोव्यात दिवाडी बेटावर आहे. माझे बाबा आता 74 वर्षांचे आहेत आणि शाळेतली नोकरी सांभाळून पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी मांडवीत गळ टाकलेला आहे. तिथी सांगितली की पाणी कधी भरेल आणि सुकती कधी लागेल हे ते बसल्या जागी सांगतात. तांबोशी, पालू, चणक हे सगळे त्यांच्या हाताला ओळखीचे मासे. परंतु खोल समुद्रातला मोठा मासा एकदा तरी आपल्या दोराला लागावा, अशी त्यांची इच्छा आहे. ती त्यांनी मागच्या चतुर्थीला, माटोळी बांधताना, एकदाच बोलून दाखवली आणि तेव्हापासून माझ्या मनातून ती गेलेली नाही.

माझा थोरला भाऊ अमेरिकेत सॅन दिएगोला असतो. सर्वांनी त्याच्याकडे जमून तिथून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, म्हणजे लोस काबोसला, आठ दिवस जावे असे त्याने सुचवले आहे. आम्ही एकूण बाराजण होऊ: आईबाबा, आमची व भावाची अशी दोन कुटुंबे, आणि भावाचा मडगावचा कॉलेजमित्र व त्याची पत्नी. मुलांची वये 9 ते 15 आहेत. आईला बोट लागते. माझी पत्नी आणि वहिनी यांना मासे खायला आवडतात, पण ते पकडण्यात दोघींना रस नाही. बाबांची प्रकृती चांगली असली तरी गुडघे धरलेले आहेत.

मुलांच्या शाळांमुळे दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना, एवढेच दोन पर्याय उरतात. बाबांना मासा मिळावा आणि बाकीच्यांची सुट्टी केवळ त्यांच्यासाठी वाट पाहण्यात जाऊ नये, अशी आखणी कशी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारवटी यांचे उत्तर

मी बावीस वर्षे प्रवासी जहाजांवर नोकरी केली आणि लोस काबोसमधल्या काबो सान लुकासच्या उपसागरात आमचे जहाज कितीतरी वेळा नांगरले. तिथे मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्यामुळे त्या बंदरातली पहाट मी पाण्यावरूनच पाहिलेली आहे.

प्रथम, ती जागा एवढी नावाजलेली का, ते समजून घ्यावे. गोव्यासमोर समुद्राचा तळ दूरवर उथळ असतो आणि खोल पाण्यासाठी ट्रॉलरला पुष्कळ आत जावे लागते. काबोला मात्र समुद्राखालची एक खोल घळ जवळजवळ बंदराच्या तोंडाशी येऊन ठेपते. पॅसिफिक महासागर आणि कॅलिफोर्नियाचे आखात तिथेच एकमेकांना मिळतात. म्हणून मार्लिन, दोरादो, वाहू, पिवळ्या पराचा कुपा असे खोल पाण्यातले मासे किनाऱ्याच्या बरेच जवळ सापडतात. यांतला वाहू हा आपल्या विसवणाच्याच, म्हणजे सुरमईच्याच, कुळातला आहे, आणि तिथे सिएरा नावाचा मासा मिळतो तो तर विसवणाचा सख्खा चुलतभाऊ म्हणावा इतका जवळचा आहे.

आता महिन्याविषयी. केवळ मार्लिनचा विचार केला तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पाणी उबदार असते आणि बहुतेक सर्व जाती हजर असतात. परंतु ऑक्टोबरात काबोला मार्लिनच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा भरतात, बोटी आणि खोल्या दोन्ही महाग होतात, आणि चक्रीवादळांचा हंगामही पुरता संपलेला नसतो. 14 सप्टेंबर 2014 रोजी ओदील नावाचे वादळ याच टोकावर धडकले होते, त्याने केलेली पडझड मी नंतरच्या फेरीत पाहिली. नोव्हेंबर उलटला की आखातात उत्तरेचा वारा सुरू होतो आणि लहान होडीतल्या माणसाची दमछाक होते.

आपल्या मंडळींसाठी मी मे महिना निवडीन, आणि काबोऐवजी त्याच्या ईशान्येला आखाताच्या बाजूचे लोस बारीलेस हे गाव निवडीन. लोस काबोसच्या, म्हणजे सान होसेच्या, विमानतळावरून ते मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात त्याच गावी वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या फळ्यांसाठी लोक मुद्दाम येतात, यावरून तिथल्या थंडीतल्या वाऱ्याची कल्पना यावी. मे महिन्यात मात्र तो पडलेला असतो. आपल्याकडे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तिथे त्याच सुमारास हंगाम चढत जातो. मे महिन्यात पेस गायो, म्हणजे शब्दशः ‘कोंबडा मासा’, अगदी किनाऱ्यालगत येतो. आपल्या बाबांचे गुडघे आणि आईंना लागणारी बोट, दोन्ही लक्षात घेता किनाऱ्याजवळचा मोठा मासा यापेक्षा चांगला योग नाही.

शेवंती यांचे उत्तर

तारवटी यांच्या मताला माझा पूर्ण दुजोरा आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही नऊजण, त्यांत माझे सासरे, दोन नणंदा आणि शेजारचे एक कुटुंब, असे गेलो होतो. आमची पहिली चूक अशी की सर्वांनी एकत्र राहावे या हौसेपोटी आम्ही एकच मोठी बोट आठ तासांसाठी ठरवली आणि पॅसिफिकच्या बाजूला गेलो. दीड तासात पाचजण आडवे झाले. माझी धाकटी नणंद रडत होती, सासरे अपराध्यासारखे तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि गळ पाण्यात पडण्याआधीच आम्ही परत फिरलो. बोटवाल्याने पूर्ण भाडे घेतले. ठरावच तसा होता, तो आम्ही नीट वाचलेला नव्हता.

सासऱ्यांनी त्यानंतर दोन दिवस मासेमारीचे नाव काढले नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने स्वतःची इच्छा अशी गिळून टाकलेली पाहणे किती जड जाते, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या यजमानांनी एक पांगा ठरवली. पांगा म्हणजे बावीस-चोवीस फुटांची उघडी होडी, मागे इंजिन, आत एक कप्तान आणि फार तर तीन गळवाले. ते दोघे आणि मी, एवढेच निघालो, आणि अर्ध्या दिवसासाठीच. त्यामुळे माझे आपल्याला कळकळीचे सांगणे आहे की बाराजणांना एका बोटीत बसवू नका. ज्यांना जायचे आहे त्यांनी दोघातिघांच्या गटाने पांगातून जावे, सकाळी सहाला निघून अकरापर्यंत परतावे, आणि बाकीच्यांनी निवांत उठावे.

त्या सकाळचे एक दृश्य सांगते. उजाडण्याआधी आमिष विकणारी होडी आमच्या होडीला येऊन टेकली. तिच्या टाकीत वीतभर लांबीचे जिवंत मासे गरगर फिरत होते. सासऱ्यांनी त्यांतला एक मुठीत धरून निरखला आणि ‘आपला बांगडोच गो,’ असे मला म्हणाले. मग किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, वाळूवर पडलेले नारळाचे झाप दिसावेत एवढ्या जवळ, कप्तानाने तो गळाला लावून सोडला. थोड्या वेळाने आमिष घाबरून पाण्यावर उड्या मारू लागले आणि त्याच्यामागून सात लांब काट्यांचा काळा तुरा पाणी कापत आला. पुढची वीस मिनिटे सासरे काहीच बोलले नाहीत. मासा होडीशी आल्यावर कप्तानाने त्याला शेपटीच्या बुंध्याशी धरून पाण्यातच ठेवले, सासऱ्यांनी त्याच्या पाठीवरून तळहात फिरवला, आणि माशाने स्वतःच झटका देऊन हातातून सुटका करून घेतली. पेस गायो सहसा असाच सोडून देतात, तेव्हा बाबांना ते आधी सांगून ठेवावे. नाहीतर मासा सोडलेला पाहून त्यांच्या मनाला लागेल.

खाण्यासाठी सिएरा आणि दोरादो पुरेसे मिळतात. दोरादो पाण्यातून काढताना सोनेरी-हिरवा झळाळतो आणि काही क्षणांत राखाडी पडतो. आमच्या मुलांना ते पाहून वाईट वाटले, तेव्हा लहानांना आधी कल्पना द्यावी. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, असेही सुचवते. मिरची मुळात मेक्सिकोकडचीच, ती पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली; नारळ आणि चिंचही तिथल्या बाजारात सहज मिळतात. सिएराचे हुमण अगदी घरच्यासारखे झाले, तिरफळांची तेवढी उणीव राहिली.

मासेमारीत रस नसलेल्यांसाठी लोस बारीलेसच्या दक्षिणेला काबो पुल्मो आहे. 1995 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे मासे पकडायला मनाई आहे. गावातल्या मच्छीमार कुटुंबांनीच पुढाकार घेऊन ते घडवले, आणि 1999 ते 2009 या दहा वर्षांत तिथल्या माशांचे एकूण वजन चारशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोके घातले की मुले बाहेर यायला तयार होत नाहीत. पॅसिफिकच्या बाजूच्या किनाऱ्यांवर मात्र त्यांना पोहायला मुळीच सोडू नका. तिथल्या लाटा माणसाला ओढून नेतात.

म्हापशेकर यांचे उत्तर

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहितो. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. परंतु अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर पर्यटनासाठी वेगळ्या व्हिसाची गरज नाही. आपण भावाकडे जाणार असल्याने अमेरिकेचा व्हिसा काढावाच लागेल. तो अनेकदा प्रवेश देणारा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण काबोहून पुन्हा अमेरिकेत शिरायचे आहे. भावाच्या मित्राकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, जसा तो मडगावात अनेकांकडे असतो, तर त्यालाही मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही.

होडीतून गळ टाकणाऱ्या प्रत्येकाकडे हौशी मासेमारीचा परवाना हवा. तो दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा मिळतो. बोटीच्या भाड्यात तो धरलेला आहे की नाही, हे लेखी विचारावे. किनाऱ्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. मर्यादाही ठरलेल्या आहेत: एका माणसाला दिवसाला दहा मासे, त्यांत एका जातीचे पाचांहून अधिक नाहीत, मार्लिन किंवा सेलफिश एकच, दोरादो किंवा पेस गायो दोनच. पकडलेले मासे विकता येत नाहीत. मार्लिन, सेलफिश, दोरादो, पेस गायो या जाती किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपर्यंत केवळ हौशी गळवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकार आणि ट्रॉलरवाले यांच्यात किनाऱ्यालगतच्या पाण्यावरून किती वर्षे संघर्ष चालला आहे, हे आपण सर्व जाणतो.

कप्तान आणि त्याच्या मदतनिसाला भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची तिथे रीत आहे. खर्चाच्या अंदाजात ती आधीच धरावी.

दिवाडीकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री भावाशी बोललो आणि मे महिना, लोस बारीलेस, दोन पांगा व स्वयंपाकघर असलेले एक घर, असे निश्चित केले. आई बाबांबरोबर होडीत जाणार नाही. ती वहिनीबरोबर किनाऱ्यावर थांबेल. आता एकच शंका उरली आहे. बाबांनी आजवर हातदोरानेच मासे धरले आहेत, रीळ त्यांना आवडत नाही, आणि स्वतःचा दोर बरोबर न्यायचा असा त्यांचा हट्ट आहे. त्याने पेस गायो धरता येईल का?

तारवटी

दोर अवश्य न्यावा, पण होडीत त्याचा आग्रह धरू नये. दहा-पंधरा किलोंचा पेस गायो पळू लागला की हातातला दोर बोटे कापतो. कप्तानही त्याला तयार होणार नाही. अजून चार महिने हाती आहेत. एक साधी काठी आणि रीळ आणून त्यांना धक्क्यावर रोज अर्धा तास सराव करू द्यावा. रिळाची पकड सैल कधी करायची आणि घट्ट कधी, एवढेच हाताला शिकवायचे आहे. बाकी सारे त्यांना येतेच. प्रवासात गळ मोठ्या सामानात ठेवावेत, हातातल्या पिशवीत नाही. जाताना सॅन दिएगोला आठवडाभर राहावे. आपल्या आणि तिथल्या घड्याळात मे महिन्यात साडेबारा तासांचा फरक असतो आणि लोस बारीलेसचे घड्याळही त्या वेळी सॅन दिएगोच्या घड्याळाबरोबरच चालते, त्यामुळे झोपेची घडी तिथेच बसून जाईल.

आणखी एक. आपले बाबा 74 वर्षांचे, म्हणजे गोवामुक्तीपूर्वी त्यांनी शाळेत थोडेफार पोर्तुगीज शिकलेले असणार. त्यांना कप्तानाशेजारी बसवावे. समुद्राला दोन्ही भाषांत ‘मार’च म्हणतात, वाऱ्याला पोर्तुगीजमध्ये ‘व्हेंतु’ तर स्पॅनिशमध्ये ‘व्हिएंतो’, आणि गळाला ‘आंझोल’ व ‘आन्सुएलो’. संध्याकाळी किनाऱ्यावर त्यांनी आपला हातदोर खुशाल टाकावा. आमिषासाठी सकाळचे उरलेले मासे बर्फात ठेवायला कप्तानाला सांगून ठेवावे.