मदत हवी आहे: 'आई' योजनेतून पर्यटकांसाठी खोल्या, पण जमीन सासऱ्यांची

दाजीपूर रोडला आमच्या रानात पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या आहेत. पर्यटन संचालनालयाच्या 'आई' धोरणात महिलांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परतावा मिळतो, म्हणून व्यवसाय माझ्या नावावर काढतेय. उद्यम नोंदणी झाली, इंजिनिअरकडून अंदाजपत्रकही घेतलंय. सातबारा मात्र सासऱ्यांच्या नावावर. मामंजी संमतिपत्र द्यायला तयार आहेत. जमीन एनए (बिगरशेती) नाही.

बँकवाले म्हणतात आधी पात्रता प्रमाणपत्र आणा, एजंट म्हणतो आधी कर्ज मंजूर करून घ्या (त्याची फी वेगळीच!). निवास-न्याहारी योजना नको, ती राहत्या घरातल्या खोल्यांसाठी.

कोल्हापूर जिल्ह्यातून कुणी ही फाईल पूर्ण केलीय का? आधी काय करावं लागलं, आणि जागेसाठी नुसतं संमतिपत्र चाललं की नोंदणीकृत भाडेकरार मागितला?