धनुष्याने हरणाची शिकार (विस्कॉन्सिन): साताऱ्यात राहून तयारी कशी करू?

अजिंक्यतारा_कंपाउंड
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, सध्या मॅडिसनला शिकते. सहकाऱ्याच्या वडिलांनी त्यांच्या रानात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला बोलावलंय. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स तिकडे गेल्यावर काढेन. ऑगस्टअखेरपर्यंत घरीच आहे. ५० मीटरवर ८० सेंमीच्या फेसवर (निशाण्याच्या कागदावर) माझे बाण चांगले बसतात, त्यामुळे भाऊ म्हणतो की शिकारीतले २० यार्ड (साधारण १८ मीटर) म्हणजे पोरखेळ. मला तसं वाटत नाही. जनावर तडफडता कामा नये, एवढीच काळजी आहे. सराव कसा करू?

मिरजेचे_नाना
पोरी, तुझं बरोबर आहे. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं विस्कॉन्सिनला होतो, आता मिरजेत परतलोय. मैदानावर दहाची रिंग हुकली तर नऊ गुण मिळतात. रानात तोच बाण पोटात लागतो आणि हरीण रात्रभर मरत राहतं.

म्हणून अंतर वाढवत बसू नकोस, जागा ओळखायला शिक. फ्लेक्सवाल्याकडून आडव्या उभ्या हरणाचा फोटो खऱ्या मापात छापून घे, खांद्यापाशी साधारण तीन फूट. त्यावर रिंगा काढू नकोस. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर ये आणि अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर थांब. फुफ्फुसं आणि हृदय तिथं, वीतभर जागेत. दुसरा फ्लेक्स तिरक्या पाठमोऱ्या हरणाचा घे. त्यात नेम मागे बरगड्यांवर सरकतो, कारण बाण पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघायला हवा. तोंड तुझ्याकडे असेल तर बाण सोडायचाच नाही.

तिकडे बहुतेक जण झाडावरच्या स्टँडवर बसतात, पंधरा-वीस फुटांवर. जावळी-कोरेगावकडे कुणाचं शेतातलं घर असेल तर पहिल्या मजल्यावरून सराव कर. मागे उंच मातीचा बांध हवा, आणि त्या बाजूला माणूस-गुरं फिरकता कामा नयेत. आधी समोर सरळ दोरी ओढ, मग कमरेतून वाक. नुसता हात खाली नेलास तर ठेवण बिघडते आणि बाण वर लागतो. जाड जर्किन घालून, बसूनही मार; दोरी बाहीला कुठे घासते ते इथंच कळू दे. झाडावर हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) चढायच्या आधी बांधायचा, धनुष्य मागून दोरीने वर ओढायचं.

स्पर्धेचा लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) आणि भिंगाचा स्कोप घरीच ठेव. पहाटेच्या अंधुक उजेडात मोठं पीप (दोरीतलं नेम धरायचं भोक) आणि पिनांचं साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) लागतं. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं धारदार पात्यांचं टोक, तिकडे घे, पण शिकारीआधी तेच मारून बघ. पाती वारा धरतात. ट्यूनिंग (धनुष्य-बाणाची जुळणी) जरा हललेलं असलं तरी फील्ड पॉइंटच्या, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाच्या, जागी ती बसत नाहीत.

दोरीचा आवाज ऐकला की हरीण पळायला आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. म्हणून मी २० यार्डांपलीकडे कधी सोडला नाही. बाण लागल्यावर लगेच उतरू नकोस. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, अर्धा तास थांब. काळपट असेल तर यकृत, तीन-चार तास. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर पोट, आठ-दहा तास. घाईने मागे गेलीस तर ते उठून लांब निघून जातं आणि हाती लागत नाही.

सागरेश्वर_पायथा
ताई, तिकडची परवानगी तिकडेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरतात, आणि अभयारण्यात विनापरवाना शस्त्र नेणं हाही गुन्हा आहे. सरावाला धनुष्य घेऊन कोयना किंवा आमच्या सागरेश्वराकडे फिरकू नका. धो. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर हे रान उभं केलं. इथल्या चितळ-सांबरांकडे बघून ते कसे उभे राहतात, कान कुठे वळवतात हे शिकायचं असेल तर दुर्बीण घेऊन जरूर या.

अजिंक्यतारा_कंपाउंड
दादा, दुर्बीण घेऊन नक्की येते. नाना, फ्लेक्स उद्याच छापायला टाकते. वाऱ्याचं कसं बघायचं?

मिरजेचे_नाना
पावडरची छोटी बाटली खिशात ठेव आणि वर बसल्यावर दाब. पावडर हरणाच्या वाटेकडे गेली तर तुझा वासही तिकडेच जाणार, त्या दिवशी तो स्टँड सोडायचा. यजमानांना आत्ताच विचार, पश्चिमेच्या वाऱ्याला कुठे बसायचं आणि पूर्वेच्या वाऱ्याला कुठे. आणि हरीण मिळालं तर डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला दे. हा हरणांच्या मेंदूचा आजार विस्कॉन्सिनात २००२ साली पहिल्यांदा सापडला, तोही मॅडिसनजवळच. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, कुणालाही वाटायचं नाही.