लग्नाच्या व्हिडिओसाठी इंटेल की एएमडी? खोलीत एसी नाही

मानेवाड्याहून:
घरीच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. जुनी मशीन ४के फुटेजला अडकून राहिली. मनात दोन प्रोसेसर आहेत: इंटेलचा आय-७ १४७००के, नाहीतर एएमडीचा रायझन ९ ७९००. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब, ताटीचा कूलर. मे महिन्यात इथं नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. इंटेल घेतला तर उष्णतेनं खोलीत माणसाला बसवेल का?

धरमपेठेतून:
७९०० घ्या. भर कामातही ८८ वॉटवर थांबतो, इंटेलची मर्यादा २५३ वॉट. शिवाय एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) पुढे नवा प्रोसेसर बसतो. इंटेलच्या या प्रोसेसरचं सॉकेट एलजीए १७००, त्याचा रस्ता संपला.

महालातून:
भाऊ, आधी कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये शूट करते ते सांगा. सगळं त्याच्यावर आहे.

मानेवाड्याहून:
एच.२६५, १०-बिट, ४:२:२.

महालातून:
मग मी इंटेलच म्हणेन. हे दाबून साठवलेलं, रंगाची जास्त माहिती असलेलं फुटेज उलगडायचं हार्डवेअर इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे, ७९०० मध्ये नाही. तिथं सगळा भार कोअरवर (प्रोसेसरच्या गणना करणाऱ्या भागांवर) येतो अन् टाइमलाइन अडखळते. मी एका मित्राकडे तीन रात्री असं काम केलं आहे. सप्तपदीचा एक कट लावायला जीव जात होता. फक्त नावाशेवटी ‘केएफ’ असलेला घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतं.

आता उष्णतेचं. प्रोसेसर जेवढे वॉट खातो तेवढी उष्णता तुमच्या खोलीत सोडतो. २५३ वॉट सोसायचं काही कारण नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीएल१ अन् पीएल२, म्हणजे सलग अन् थोड्या वेळाची वीजमर्यादा, दोन्ही १२५ वॉट करा. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज फार चढवावं लागतं, अन् विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. माझ्याकडे ४० मिनिटांचं रेंडर (तयार व्हिडिओ फाइल काढणं) ४७ वर गेलं, पण निम्म्या वॉटमध्ये झालं. सलग आठ तास रेंडर लावलं तर जवळपास एक युनिट वाचते. कूलर मे महिन्यात कोरड्या हवेत साथ देतो. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. खरी परीक्षा तेव्हा असते.

अन् हे विसरू नका: इंटेलच्या १३ व्या, १४ व्या पिढीत (१४७००के त्यातलाच) जादा व्होल्टेजनं प्रोसेसर खराब व्हायचे. इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला अन् पेटीबंद प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षं वाढवली. म्हणून विंडोज टाकायच्या आधी सगळ्यात नवं बायोस टाका. वापरलेला प्रोसेसर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

धरमपेठेतून:
४:२:२ असेल तर माझा सल्ला मागे घेतो. माझं काम ब्लेंडरचं (थ्रीडी सॉफ्टवेअर), तिथं सगळे कोअर रात्रभर पळतात, म्हणून मला ७९०० परवडतो.

महालातून:
बरोबर, तुमच्या कामाला तोच. यांचं काम बहुतेक वेळ बसून कट लावायचं. तेवढ्या वेळात इंटेल कमी वीज घेतो, कारण रायझनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधली आयओ डाय (मेमरी अन् जोडण्या सांभाळणारी वेगळी चिप) रिकामी असतानाही वॉट खात राहते.

मानेवाड्याहून:
१४७००के घेतो, १२५ वर बांधून. कॅबिनेट खिडकीजवळ ठेवू की कूलरसमोर?

महालातून:
खिडकीजवळ. कूलरचे तुषार मदरबोर्डवर जायला नको.