पदवी कोणत्या शाखेची, यापेक्षा नाट्यमंडळ कसे
नाटकात पुढे काही करू पाहणाऱ्या ठाण्यातल्या विद्यार्थ्याने बारावीनंतर लगेच नाट्यशास्त्राला प्रवेश घेतला नाही तर पुढची वाट बंद होते, असे सांगितले जाते; हे मत मला पटत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम मुळात पदवीनंतरचा आहे. तिथे पदवी कोणत्याही शाखेची चालते, मात्र अर्जदाराने आधी काही नाटकांत प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तर ठाण्याहून रोज ये-जा करूनही करता येण्याजोगा आहे.

माझ्या भाचीने ठाण्यातच वाणिज्य शाखा घेतली आणि एकांकिकांमध्ये अभिनयापेक्षा प्रकाशयोजनाच अधिक केली, कारण भूमिकांसाठी रांग असते, दिव्यांसाठी सहसा नसते. म्हणून महाविद्यालय निवडताना तिथले नाट्यमंडळ खरोखर चालते का आणि स्पर्धांच्या काळात हजेरीची सवलत मिळते का, याची चौकशी तिथल्याच विद्यार्थ्यांकडे करावी (माहितीपत्रकात सगळेच उत्तम असते). प्रत्येक प्रयोगाचे प्रमाणपत्र आणि छापील श्रेयनामावली मात्र जपून ठेवावी, कारण पुढे अर्ज करताना अनुभवाचा पुरावा म्हणून तीच दाखवता येते.